बंद दारावर पाटी हवी

(तृतीय वर्ष, विज्ञान शाखा)

संगणकावरच्या खेळाविषयी महाविद्यालयाच्या अंकात लेख लिहायचा म्हटल्यावर खोलीतल्या मित्रांनी आधी पोटभर हसून घेतले. "अंकात लोक कविता लिहितात, प्रवासवर्णन लिहितात, फार तर हुंड्यावर लिहितात, तू खेळावर लिहिणार?" असा एकंदर सूर होता. प्राध्यापकांपैकीही काहींच्या कपाळाला आठी पडेल, हे मी धरूनच चाललो आहे. परंतु लेखाचे निमित्त खेळ असले, तरी गाऱ्हाणे एका बंद दाराचे आहे. दार बंद होते याची तक्रार नाही. ते बंद असल्याचे तीन आठवडे कोणीच सांगितले नाही, ही तक्रार आहे.

माझे गाव लोधीखेडा. नागपूरहून सावनेर, केळवद मागे टाकून छिंदवाड्याच्या रस्त्याने गेले की राज्याची हद्द लागते आणि हद्दीपलीकडे सौंसर तालुक्यात आमचे गाव येते. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला. तोवर आम्ही छिंदवाडा जिल्ह्यात होतो. घरात मराठी, शाळेत हिंदी, संत्र्याचा व्यापारी नागपूरचा आणि दाखले मध्य प्रदेशचे, अशा वातावरणात आम्ही वाढलो. म्हणूनच मराठी आणि कन्नड एकाच पुठ्ठ्यात बांधणारा आपला हा अंक पहिल्या वर्षी हातात पडला, तेव्हा मला त्याचे नवल वाटले नाही. उलट घरच्यासारखे वाटले.

माझा धाकटा भाऊ अकरावीत शिकतो. ‘माइनक्राफ्ट’ नावाच्या खेळाचे त्याला वेड आहे. या खेळात चौकोनी ठोकळे रचून घरे, पूल, गावे असे वाटेल ते उभारता येते. भावाने त्यात आमच्या गावचे जुने रेल्वेस्थानक उभे केले. नागपूर ते छिंदवाडा धावणारी नॅरो गेजची छोटी गाडी २०१५ साली बंद झाली आणि मार्ग रुंद करण्यात आला. आमच्या आबाजींचे सगळे आयुष्य त्या छोट्या गाडीशी बांधलेले. त्यांना जवळ बसवून, तिकिटाची खिडकी कुठे होती, बाक कसे होते, कडुनिंब कोणत्या अंगाला होता, असे विचारून विचारून भावाने ते स्थानक रचले. घरच्या जुन्या संगणकावर त्याने खेळाचा सर्व्हर सुरू केला आणि मला फोन केला.

"दादा, तू आतमध्ये ये अन् पाहून घे. आबाजी म्हणून राहिले का झाड चुकलं. मी म्हणतो बराबर आहे. आता तूच सांग."

झाडाचा निवाडा माझ्याकडे आला. वसतिगृहातल्या खोलीत बसून मी पत्ता टाकला आणि वाट पाहिली. अर्ध्या मिनिटाने पडद्यावर आले, ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. म्हणजे हाक मारली, वेळ संपली, उत्तर आले नाही. पुन्हा केले, पुन्हा तेच. तिकडून भाऊ विचारतो, "काहून नाही होऊन राहिलं?" आणि इकडे विज्ञान शाखेच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला उत्तर देता येईना.

हे प्रकरण समजण्यासाठी ‘पोर्ट’ म्हणजे काय, एवढे सांगणे भाग आहे. आपल्या महाविद्यालयाचा पत्ता एकच आहे. पण शुल्क भरायची खिडकी वेगळी, परीक्षा विभागाची वेगळी, ग्रंथालयात पुस्तके परत करायची वेगळी. पत्ता बरोबर असूनही चुकीच्या खिडकीपुढे उभे राहिले तर काम होत नाही. जाळ्यावरच्या प्रत्येक संगणकालाही अशाच खिडक्या असतात. त्यांना ० ते ६५५३५ असे क्रमांक आहेत. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा बहुधा ४४३ क्रमांकाच्या खिडकीवर जातो. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता विचारायची खिडकी ५३. भावाच्या खेळाची ठरलेली खिडकी २५५६५. आता मधल्या वाटेवर कोणीही पहारेकरी ‘२५५६५ कडे कोणाला सोडू नका’ असा हुकूम घेऊन बसला असेल, तर इतर सारे व्यवहार सुरळीत चालतात आणि एवढाच एक बंद पडतो. त्यामुळे ‘नेट चालू आहे ना? मग दोष तुमच्याकडेच असेल’ असे सांगणाऱ्याचे फावते.

पहिले दोन दिवस मी केले ते सर्वजण करतात तेच. बंद केले, चालू केले, खेळ काढून पुन्हा घातला. मग स्वतःचीच लाज वाटली. प्रयोगशाळेत विद्युतमंडल चालले नाही, तर आपण विद्युतघटापासून एकेक जोड तपासत जातो. सगळे उपकरण खिडकीबाहेर फेकत नाही. तोच नियम इथे लावायचे ठरवले. अगदी जवळच्या दारापासून सुरुवात करायची आणि एकेक दार तपासत लांब जायचे.

पहिले दार म्हणजे खुद्द भावाचा संगणक. त्याच संगणकावर बसून तो खेळात शिरू शकत होता. म्हणजे सर्व्हर जिवंत होता. ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा देऊन पाहिले, तर २५५६५ पुढे ‘लिसनिंग’ असे लिहिलेले. खिडकीत माणूस बसलेला आहे, याची खात्री पटली. मग त्याला सर्व्हर मुद्दाम बंद करून तसाच प्रयत्न करायला सांगितले. या वेळी संदेश निराळा आला आणि लगेच आला, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. या दोन संदेशांतला फरक मला त्या दिवशी नीट उमगला. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे दार उघडून कोणी ‘इथे कोणी नाही, जा’ असे सांगितले. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे दार वाजवत राहिलो आणि आतून हूं की चूं नाही. पहिल्या उत्तराने माणूस हिरमुसतो पण मोकळा होतो. दुसऱ्याने तो ताटकळतो.

दुसरे दार त्याच संगणकाच्या भिंतीचे, म्हणजे फायरवॉलचे. भावाने शेजारच्या मित्राचा लॅपटॉप आणला आणि घरातल्याच वायफायवरून प्रयत्न केला. जमले नाही. शोध घेता कळले की सर्व्हर प्रथम सुरू केला तेव्हा फायरवॉलने परवानगी विचारली होती आणि पठ्ठ्याने न वाचताच ‘रद्द’ दाबले होते. मित्रांनी सल्ला दिला, "फायरवॉलच बंद करून टाक." एक खिडकी उघडत नाही म्हणून घराची भिंत पाडण्यातला तो प्रकार. आम्ही फक्त २५५६५ ला परवानगी दिली. मित्राचा लॅपटॉप आत शिरला. भावाला वाटले, जिंकलो.

तिसरे दार राउटरचे. बाहेरून येणारी हाक घरातल्या कोणत्या संगणकाकडे पाठवायची, हे राउटरला सांगावे लागते. त्याला ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणतात. घरातल्या संगणकाचा आतला पत्ता कायम केला आणि बाहेरच्या २५५६५ वर आलेली हाक त्या पत्त्याकडे वळवली. फोनवरून, रात्री साडेदहाला, हे सगळे भावाने एकट्याने केले. मी इकडून प्रयत्न केला. उत्तर नाही. वसतिगृहाचे वायफाय सोडून माझ्या मोबाइलच्या डेटावरून प्रयत्न केला. उत्तर नाही.

चौथे दार आम्हाला दिसतच नव्हते. ते योगायोगाने दिसले. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता म्हणून १०० ने सुरू होणारा एक क्रमांक होता आणि ‘माझा पत्ता काय’ हे सांगणारे संकेतस्थळ भलताच क्रमांक दाखवत होते. एकाच घराचे दोन पत्ते कसे? वाचून कळले ते असे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते मोजकेच आहेत, सुमारे ४२९ कोटी. जगाला वाटून देण्याजोगे त्यांचे शेवटचे गट्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये संपले. मग इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता द्यायला सुरुवात केली आणि आतल्या वापरासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते एप्रिल २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आले. आमचे घर त्या चाळीत होते. चाळीतल्या खोलीतून बाहेर पत्र टाकता येते, त्याचे उत्तरही परत येते. पण बाहेरच्या माणसाने आपणहून पत्र धाडले, तर ते कोणत्या खोलीचे हे पोस्टमनला कळत नाही आणि तो ते टाकून देतो.

यात कंपनीने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. पत्तेच नाहीत तर त्यांनी तरी काय करावे? परंतु आमच्या घरी जोडणी देताना, पावती फाडताना, भावाने तीन वेळा फोन केला तेव्हा, एकदाही कोणी ‘बाहेरून येणारी जोडणी या योजनेत मिळत नाही’ असे सांगितले नाही. तिन्ही वेळा उत्तर एकच, "राउटर बंद करून चालू करा." चौथ्या वेळी भावाने बरोबर शब्द वापरून प्रश्न विचारला, तेव्हा पलीकडच्या माणसाने सहज सांगितले, "कायमचा पत्ता हवा का? महिन्याला जादा पैसे पडतील." म्हणजे उत्तर त्यांच्या टेबलावर होते. ते मिळवण्यासाठी आधी प्रश्नाचे नाव माहीत असावे लागत होते. ज्याला नाव ठाऊक नाही त्याने जन्मभर राउटर बंद-चालू करत बसावे!

कायमचा पत्ता मिळाल्यावर मोबाइलच्या डेटावरून मी आत शिरलो. वसतिगृहाच्या वायफायवरून मात्र अजूनही तीच शांतता होती. पाचवे दार आमचेच निघाले.

मी संगणक विभागातल्या सरांकडे गेलो. सरांनी ऐकून घेतले आणि दोन मिनिटांत विषय संपवला. "वसतिगृहातून ठरावीक चार-पाच पोर्टांखेरीज सर्व बंद आहेत. जोडणीची क्षमता मर्यादित आहे, ऑनलाइन परीक्षा तिच्यावरच चालतात, आणि मागे काही मुलांच्या संगणकांत विषाणू शिरून ते बाहेर हजारो टपाल पाठवत होते. खेळासाठी पोर्ट उघडणार नाही." मी म्हटले, "ठीक आहे, सर." आणि खरेच ठीक वाटले. नकार मिळाला, कारण मिळाले, कोणाचा निर्णय आहे ते कळले. दोन मिनिटांच्या या नकाराने जे समाधान दिले, ते तीन आठवड्यांच्या मौनाने दिले नव्हते.

माझे म्हणणे एवढेच आहे. दार बंद ठेवण्याचा अधिकार दाराच्या मालकाला आहे. पण आपल्याच घरच्या माणसांसाठी त्या दारावर पाटी लावणे हे त्याचे कर्तव्य आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. पाटी लावली तर चोरालाही वाचता येते. बाहेरून खिडक्या चाचपडत फिरणाऱ्यांना उत्तर न देणे, हे पहारेकऱ्याचे एक तंत्रच आहे. शिवाय उघड्या खिडकीचे धोके खरे आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या भागात दोष सापडला, तेव्हा त्याचा फटका बसणाऱ्यांत याच माइनक्राफ्टचे सर्व्हर होते. खेळातल्या गप्पांच्या चौकटीत एक विशिष्ट ओळ टाइप केली की दुसऱ्याचा संगणक ताब्यात घेता येत होता. म्हणून भावाला मी आधी सर्व्हर अद्ययावत करायला लावला आणि ज्यांची नावे यादीत आहेत त्यांनाच आत सोडायची व्यवस्था करायला लावली. तेव्हा पहारा हवा, याबद्दल दुमत नाही. पण बाहेरच्या अनोळखी माणसापुढे मौन पाळणे वेगळे आणि आपल्याच विद्यार्थ्यापुढे, आपल्याच ग्राहकापुढे मौन पाळणे वेगळे. दुकानदार रात्री शटरमागून चोराला उत्तर देत नाही, हे योग्यच. पण दुपारी बारा वाजता पैसे भरलेल्या गिऱ्हाइकालाही तो उत्तर देत नसेल, तर त्याला सावधगिरी म्हणता येईल काय?

गंमत अशी की जाळ्याचे नियम लिहिणाऱ्यांना ही सभ्यता सुचली होती. ‘इथे कोणी ऐकत नाही’ असे तत्काळ कळवण्याची सोय सप्टेंबर १९८१ च्या टीसीपीच्या नियमपत्रातच आहे. जून १९९५ मध्ये राउटरांसाठी लिहिलेल्या नियमपत्रात तर त्याहून नेमका संदेश आहे. त्याचा अर्थ असा की ‘ही वाट व्यवस्थापनाच्या आदेशाने बंद आहे’. पाटी तयार आहे, रंगवलेली आहे. पण दारावर लावायची तसदी फारच थोडे घेतात.

पाटी नसली की काय होते, तेही आपण रोज पाहतो. विद्यार्थी मागची वाट शोधतात. वसतिगृहात अर्ध्या खोल्यांतून व्हीपीएन चालते, कोणते फुकटे व्हीपीएन कोणाच्या हाती आपली माहिती देते याची कोणाला फिकीर नाही. नियमाचे कारण कळले नाही की नियम ही केवळ अडचण वाटू लागते, आणि अडचण चुकवण्यात मुलांना पुरुषार्थ वाटतो. कारण सांगितले तर सगळे पाळतील असा माझा भाबडा समज नाही. पण निदान काही पाळतील. आज जे पाळतात ते केवळ मागची वाट ठाऊक नाही म्हणून.

कोणी म्हणेल, एका पोराच्या खेळावरून एवढे तत्त्वज्ञान कशाला? तर आमच्या शेजारच्या नागपूरचीच गोष्ट सांगतो. ३० ऑगस्ट २०२० रोजी ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडची भारत-रशिया अंतिम लढत चालू होती. नाशिकचा विदित गुजराथी कर्णधार होता आणि नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख संघात होती. पहिली फेरी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत दिव्याची आणि निहाल सरीनची जोडणी तुटली, घड्याळ पुढे गेले आणि दोघेही वेळेवर हरले. रशिया विजयी ठरला. त्या दिवशी सेंच्युरीलिंक या अमेरिकन कंपनीच्या जाळ्यात एक सदोष गाळणीचा नियम पसरला होता आणि वाटा दाखवणाऱ्या यंत्रांचा आपसांतला संवादच त्याने अडवला होता. जगभर त्याचा परिणाम झाला. म्हणजे तिथेही अखेर एक पहारेकरी चुकीचा हुकूम घेऊन बसला होता! पण बिघाड जागतिक आहे हे लगोलग जाहीर झाले, भारताने दाद मागितली आणि ‘फिडे’ने दोन्ही संघांना संयुक्त विजेते घोषित केले. आता कल्पना करा, बिघाडाविषयी सगळ्यांनी मौन पाळले असते तर? ‘नागपूरच्या मुलीचे नेट खराब होते’ एवढीच नोंद राहिली असती. हीच दिव्या पुढे २०२५ साली जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. दोष कुठे आहे हे सांगितले गेले, म्हणून न्याय झाला. लोधीखेड्याच्या पोरामागे कोणता महासंघ उभा राहणार? त्याला दारावरची पाटी हाच आधार.

म्हणून आपल्या महाविद्यालयाला माझी नम्र सूचना आहे. वसतिगृहाच्या सूचनाफलकावर, जिथे भोजनालयाची वेळ लावतात तिथेच, एक कागद लावावा. कोणत्या सेवा सुरू आहेत, कोणत्या बंद आहेत, का बंद आहेत आणि प्रकल्पासाठी एखादा पोर्ट हवा असेल तर अर्ज कोणाकडे करायचा, एवढे त्यावर असावे. तो मराठी, कन्नड आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत असावा. आपल्या अंकाला हे कठीण जाऊ नये. आणि विद्यार्थी मित्रांनाही एक सांगणे आहे. ‘नेट चालत नाही’ हे वाक्य तोंडातून काढण्यापूर्वी कोणत्या दाराशी अडलो आहोत, ते स्वतः शोधा. आपल्या संगणकापासून निघा आणि एकेक दार वाजवत चला. ज्याच्या दारात अडाल त्यालाच विचारा, आणि नेमके विचारा. माझा अकरावीतला भाऊ हे फोनवरून शिकला. आपण तर पदवीच्या वर्गात बसतो.

राहता राहिला झाडाचा निवाडा. रविवारी दुपारी मोबाइलच्या डेटावरून मी त्या स्थानकात शिरलो. ठोकळ्यांचा फलाट, तिकिटाची खिडकी, आणि तिच्या डाव्या अंगाला कडुनिंब. भाऊ फोनवर होता, शेजारी आबाजी. मी लहानपणी त्या गाडीने दोन-तीनदाच गेलो असेन. मला झाड काही आठवेना. तसे मी खरे खरे सांगितले.

पलीकडून आबाजी म्हणाले, "मग उजवीकडंच होतं. लाव रे बाप्पा उजवीकडं."

भावाने झाड उपटले आणि उजवीकडे लावले. मी ते तिथेच उभा राहून पाहिले.